लंकाआत्याची कवळी टोचते

“याला नापास करताय?”

राकेशचा लाल पेन हवेतच थांबला. गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, त्याच्या शेजारी एक मुलगी कधी येऊन बसली ते त्याला कळलंच नव्हतं. मान तिरकी करून ती त्याच्या मांडीवरचा नववीचा गणिताचा पेपर वाचत होती.

“मी नाही करत,” तो म्हणाला. “तो आपापलाच होतोय.”

“किती मार्कांनी?”

“दोन.”

“दोनच ना... मग देऊन टाका की. बघा तरी, त्रिकोण किती सुबक काढलाय त्यानं.”

“प्रश्न वर्तुळावर होता.”

मुलीने पेपराकडे पुन्हा पाहिलं. मग हसू आवरेना म्हणून तिने हातातली प्लॅस्टिकची फाईल तोंडापुढे धरली. फाईलच्या वरून डोळे तेवढे हसत राहिले. आणि राकेश साळवे, नाशिकरोडच्या एका शाळेतला गणिताचा मास्तर, पोरांमध्ये ‘शून्य साळवे’ म्हणून प्रसिद्ध असलेला, त्याने तो पेपर पुन्हा वरपासून तपासायला घेतला. सूत्र बरोबर लिहिलं होतं. सूत्राचा एक मार्क द्यायला हवा होता. त्याने दिला.

“अजून एक,” ती म्हणाली.

“तो तुम्ही शोधा.”

तिने खरंच शोधायला सुरुवात केली. एप्रिलचं ऊन दारात येऊन बसलं होतं, कोपऱ्यातला कूलर नुसताच घरघरत होता. पेपरवर वाकताना तिची एक बट पुढे आली आणि राकेशला त्या क्षणी वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवेना. तेवढ्यात आतून दणदणीत आवाज आला.

“नकोत मला असले दात. हे दात घालून मी ‘सचखंड’ म्हणले ना, तर गल्लीतली कुत्री धावत येतात. अशी शिट्टी वाजते.”

“माझी आत्या,” राकेश हळूच म्हणाला. “मनमाड स्टेशनवर गाड्या अनाउन्स करायची. रिटायर झालीय, पण आवाज अजून ड्युटीवर आहे.” मग त्याने विचारलं, “तुमचं काय दुखतंय?”

“काही नाही. मी डॉक्टर आहे.”

“दातांची?”

“हो... म्हणजे, आतल्या मॅडमना ते अजून मान्य नाहीये.”

---

पायल गांगुर्डे बीडीएस झाली होती, पण कशीबशी. गुणपत्रिका पाहून तिचे बाबा “पास ना?” एवढंच विचारायचे आणि उत्तर यायच्या आत खोलीबाहेर जायचे. कवळ्या करण्याच्या विषयात तर ती दोनदा आपटली होती. पुढच्या शिक्षणाचं, एमडीएसचं दार त्या गुणांवर उघडणार नव्हतं. जेल रोडवरच्या एका दवाखान्यात ती नोकरी करायची. मुख्य डॉक्टर सकाळी येऊन जात, संध्याकाळ तिच्यावर असे. आणि गेलं वर्षभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती — अमेरिकेतल्या एखाद्या डेंटल कॉलेजात अर्ज करायचा. इथली पदवी तिथे चालत नाही. पुन्हा अडीच-तीन वर्षं शिकावं लागतं. तिथली मोठी परीक्षा ती पास झाली होती, इंग्रजीचीही झाली होती. अडचण होती ती जुन्या मार्कांची.

“आणि गंमत म्हणजे त्यांच्या लेखी मी ‘परदेशात शिकलेली’,” ती मैत्रिणींना सांगायची. “मखमलाबाद नाक्यावरून सिटी बसनं कॉलेजला जायचे. तेवढ्यात परदेश झाला.”

अर्जासोबत शिफारसपत्रं लागत. ज्या विषयात आपण नापास झालो त्याच विषयाच्या मॅडमनी चांगलं लिहिलं तर बाकी प्रश्नच मिटला, असा हिशोब करून ती आज डॉ. प्रतिभा मॅडमच्या दारात आली होती.

मॅडमनी तिला आत बोलावलं. खुर्चीत लंकाआत्या बसल्या होत्या. पांढरं पातळ, हातात जुनं पुरुषी घड्याळ, आणि मांडीवर रुमालात गुंडाळलेली नाकारलेली कवळी. राकेश आत्याची पिशवी घ्यायला म्हणून मागोमाग आला आणि बाहेर जायचं विसरला.

“पायल गांगुर्डे,” मॅडम म्हणाल्या. “तू केलेली कवळी मला आठवते. पेशंटनं तोंडात घालून मला विचारलं होतं, मॅडम, हे दात कोणाचे?”

राकेशने छताकडे पाहिलं. पायलने फाईल छातीशी घट्ट धरली.

“मॅडम, मला शिफारसपत्र हवं होतं. अमेरिकेसाठी.”

“कशाची शिफारस करू? जिद्दीची?” मॅडमनी चष्मा काढला. पण त्यांनी तिला जा म्हटलं नाही. त्यांनी आत्यांकडे पाहिलं, मग पायलकडे. “या बाईंनी दोन डॉक्टरांच्या कवळ्या परत केल्यात. मी आता कवळ्या करत नाही, माझी मान धरते. तू कर. माझ्यासमोर बसून या नीट चिवडा खातील, त्या दिवशी मी पत्र लिहीन. जूनमध्ये तुझ्या अर्जाची मुदत संपते ना? मग लाग कामाला.”

लंकाआत्यांनी पायलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नंतर पुतण्याला न्याहाळलं. पुतण्या पायलकडे बघत होता.

“चालंल,” आत्या म्हणाल्या. “ही पोरगी चालंल मला.”

---

कवळी होईपर्यंत आत्या राकेशकडे, जेल रोडला मुक्कामाला राहिल्या. दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी तो त्यांना दवाखान्यात घेऊन यायचा. सोबत पेपरांचा गठ्ठा.

पहिल्या दिवशी माप घ्यायचं होतं. गुलाबी लगदा भरलेला साचा आत्यांच्या तोंडात, आणि पायलची बोटं त्यांच्या गालावर. आत्यांना बोलता येत नव्हतं. राकेश म्हणाला, “मी जन्मल्यापासून आत्या पहिल्यांदाच इतका वेळ गप्प आहे. डॉक्टर, हे औषध घरी न्यायला मिळतं का?”

आत्यांनी त्याला डोळ्यांनीच मारलं.

“हसवू नका त्यांना, सर. माप हलेल.”

“मग मी गंभीर राहतो. मला सवय आहे.”

“दिसतंच. किती नापास केले आज?”

“एकही नाही. तुमच्यामुळे हात कापतो माझा. प्रत्येक पेपरात आधी त्रिकोण शोधतो.”

पायलने मान खाली घातली. साच्याकडे बघितल्यासारखं केलं... साचा कधीचाच घट्ट झाला होता.

मग मेणात बसवलेल्या दातांची चाचणी. पायल रात्री जागून, जुनी पुस्तकं उघडून, एकेक दात हलवून बसवायची. कॉलेजात झोप यायची त्याच प्रकरणांवर आता तिचे डोळे चिकटून राहत. शिट्टीचं कारण तिला सापडलं: वरचे पुढचे दात आधीच्या डॉक्टरांनी जरा मागे बसवले होते. तिने ते पुढे घेतले, कवळीचा टाळूकडचा भाग पातळ केला.

“म्हणा आता, आत्या.”

लंकाआत्या ताठ बसल्या. हात नकळत समोर गेला, न दिसणाऱ्या माईकचं बटण दाबलं गेलं, आणि जेल रोडवरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत मनमाड जंक्शन अवतरलं.

“यात्रीगण कृपया ध्यान द्या. सचखंड एक्सप्रेस, साईनगर शिर्डी एक्सप्रेस...” मराठीत, मग हिंदीत. एकही शिट्टी नाही. बाहेर बसलेला एक पेशंट उठून आत डोकावला.

आत्या स्वतःच्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत राहिल्या. मग मूळ बोलीवर येत म्हणाल्या, “लय दिसांनी भेटले गं मी मला.”

पायलने हातमोजे काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली. राकेश दारात उभा होता. त्याने नुसतं बघितलं — आणि त्या बघण्याने तिच्या हातातला एक मोजा खाली पडला.

---

मेची सुट्टी लागली. पेपर संपले, तरी राकेश यायचाच. दवाखाना बंद झाला की दोघं खालच्या टपरीवर चहा प्यायचे. आत्या आधीच चालत घरी जायच्या. म्हणे, त्यांना चालणं सांगितलं होतं. कोणी, ते राकेशने विचारलं नाही.

एका संध्याकाळी पायल म्हणाली, “अर्जात लिहायचंय, मार्क कमी का पडले. परदेशी अर्ज भरून देणारा सल्लागार म्हणतो, घरात कोणीतरी वारलं असं लिहा. आजोबा चालतील म्हणाला.”

“तुमचे आजोबा...?”

“निफाडला असतात. परवाच बेदाणे घेऊन आले होते. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, तुझ्या शिक्षणासाठी मरायला हरकत नाही, पण गावात कळू देऊ नको.”

राकेश इतका हसला की चहा सांडला. मग म्हणाला, “माझ्या वर्गात दर सहामाहीला आठ-दहा आजोबा जातात. एकाचे तर तीन वेळा गेले. डॉक्टर, पेपर तपासणाऱ्याला ते कळतं. थांबा, आपण मुलाखत घेऊन बघू. मी अमेरिकेचा डीन.”

त्याने खुर्ची सरळ केली, कॉलर नीट केली, आवाज जाड केला. “मिस गांगुर्डे. व्हाय सो लो मार्क्स?”

“सर, बिकॉज... माझी तब्येत...”

“काय झालं होतं?”

“टायफॉईड.”

“चार वर्षं?”

पायलने ग्लास खाली ठेवला. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, कोथिंबिरीचा ओला वास मागे राहिला.

“खरं सांगू? मला डॉक्टरच व्हायचं नव्हतं. बाबांना एमबीबीएस हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून दात. मी मागच्या बाकावर बसून दिवस मोजायचे. मग इंटर्नशिपमध्ये सुरगाण्याकडे शिबिर होतं. एक म्हातारे आले, दाढेच्या दुखण्यानं कित्येक रात्री झोपले नव्हते. मी दाढ काढली. साधंच काम. ते बाहेर जाऊन आंब्याखाली बसले आणि बसल्या बसल्या झोपले. शिबिर संपलं, गाडी आली, तरी झोपलेलेच. त्यांची बायको त्यांना उठवू देईना. मी गाडीत बसले आणि मला वाटलं... आपण वर्गात लक्ष द्यायला हवं होतं.”

राकेश डीन असल्याचं विसरला होता.

“हे लिहा,” तो म्हणाला.

“हे कोणी वाचेल?”

“मी असतो तर पहिल्याच ओळीत पास केलं असतं.”

“तुम्ही? शून्य साळवे?”

“ते नाव तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आत्यांनी. अजून बरंच सांगितलंय.” ती उठली. “तुम्हाला बारावीपर्यंत पालीची भीती वाटायची, तेसुद्धा.”

“बारावीपर्यंत नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “अजून वाटते.”

---

कवळी तयार झाली. आत्यांनी ती घातली, आरशात पाहिलं, पायलच्या गालावरून हात फिरवला आणि मनमाडला गेल्या. पायलने मॅडमना फोन करून सांगितलं, पुढच्या आठवड्यात आत्यांना घेऊन येते.

चार दिवसांनी आत्या परत. “टोचते गं. हिथं, डाव्या अंगाला.”

पायलने तपासलं, किंचित घासलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा: आता उजवीकडे टोचत होती. मग खाली. मग कुठे ते सांगताच येत नव्हतं, पण टोचत होती एवढं नक्की. राकेश त्यांना स्टेशनवरून आणायचा, पोचवायचा. तो हल्ली जरा गप्प गप्प असे. पायलला वाटे, माझी कीव करत असेल.

जून उजाडला. अर्जाची मुदत दारात आली. आत्यांच्या हिरड्यांवर तिला कुठे लाल ठिपकासुद्धा दिसत नव्हता. कवळीत दोष असणार, आणि तो आपल्याला दिसत नाही, म्हणजे मॅडमचं तेव्हाही बरोबर होतं नि आताही. एका सकाळी तिने मॅडमना फोन केला. “मॅडम, मला नाही जमलं.” मॅडम म्हणाल्या, “बरं.” तो ‘बरं’ तिला दिवसभर ऐकू येत राहिला.

संध्याकाळी तिने राकेशला सांगितलं, “पत्र मिळो न मिळो. पण त्या माऊलीला मी टोचते दात देऊन सोडणार नाही. उद्या मनमाडला येते. घरी काय खातात, कशा चावतात ते बघते.”

“उद्या? उन्हाचं... कशाला?” राकेश म्हणाला. “मी घेऊन येतो ना तिला.”

“नाही. मीच येणार.”

पॅसेंजर गाडीत दोघांना खिडकी मिळाली. निफाडच्या पुढे उसाची शेतं, लासलगावला कांद्याचा उग्र वास. काकडीवाला आला, राकेशने मीठ-तिखट लावलेली एक काकडी घेऊन अर्धी तिला दिली. गाडी हलली की खांदे एकमेकांना लागायचे, आणि दोघंही बाहेर फार महत्त्वाचं काही दिसत असल्यासारखं बघत राहायचे. एरवी हा प्रवास तिला फार आवडला असता. पण राकेश सारखा घाम पुसत होता.

“मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” तो म्हणाला. मग बाहेर बघत, “हे... येवला ना? की नगरसूल?”

“आधी आत्यांचं बघू,” ती म्हणाली. “येवला या मार्गावर नाहीच. नगरसूलही नाही. समिट आलं, पुढचं स्टेशन मनमाड. तुम्ही बरे आहात ना?”

आत्यांचं घर स्टेशनमागच्या वस्तीत होतं. दार नुसतं लोटलेलं. आतून आवाज येत होता: कर्रम, कुर्रम. पायल थबकली. तो फुटाण्यांचा आवाज होता. भाजलेल्या, सालीसकट, कडक फुटाण्यांचा.

“काय टोचतं ना बिचतं, भिमाबाई,” आत्या शेजारणीला सांगत होत्या. शब्द न् शब्द स्वच्छ. “लोण्यावानी बसलीय कवळी. पण मी ‘बरी हाय’ म्हणले की त्या पोरीचं नि आमच्या राक्याचं भेटणं बंद. दोघं नुसते बघत्यात एकमेकांकडं, आणि बोलत्यात काय, तर माझ्या हिरड्यांबद्दल.”

“अन् राकेशला ठाऊक हाय का?”

“त्यानंच पकडलं की मला. गाडीत चिक्की खाताना. मी म्हणले, आता सांगतोस का तिला? तर डोकं खाजवून म्हणतो, आत्या... अजून एकदा टोचू दे.”

पायलने शेजारी पाहिलं. राकेश दाराच्या कडीकडे बघत होता.

“किती ‘एकदा’ झाले?” तिने विचारलं.

“दोन.”

ती आत गेली. आत्यांच्या हातातले फुटाणे तसेच राहिले. पायलने काहीही न बोलता हात धुतले, त्यांना तोंड उघडायला लावलं, दोन्ही बाजू बोटाने चाचपल्या, कवळी काढून उजेडात धरली. चांगली झाली होती. आपण केलेली गोष्ट चांगली झालीय, हे तिला असं कळायचं होतं.

बाहेर येऊन ती म्हणाली, “मी मॅडमना सांगून टाकलं, की मला जमत नाही.”

राकेशचा चेहरा उतरला. “कधी?”

“काल. तुम्ही गप्प होतात तेव्हा.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “सर, मी आयुष्यात बऱ्याच वेळा नापास झाले, पण दर वेळी चूक माझी होती. या वेळी मला पास असताना नापास केलं.”

परतीच्या गाडीत ती बायकांच्या डब्यात बसली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी पायलचा फोन वाजला. प्रतिभा मॅडम होत्या.

“पायल, हे काय आहे? मी दार उघडलं तर या बाई आणि तो मास्तर पायरीवर. आता बाई माझ्यासमोर चिवडा खातायत. दुसरी वाटी चालू आहे. मला सगळ्या गाड्या ऐकवून झाल्या.”

“आणि... सर?”

“भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मी सांगितलं नव्हतं. सगळं कबूल केलं आणि स्वतःच जाऊन उभा राहिला.” मॅडम पुढे म्हणाल्या, “ये इकडे. पत्र घेऊन जा. आणि पुन्हा कधी स्वतःच्या कामावर पेशंटच्या शब्दावरून शंका घेऊ नकोस. आधी तोंडात बघायचं, मग तोंडाचं ऐकायचं. हे मी तुम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं.”

“त्या दिवशी मी झोपले असेन, मॅडम.”

“झोपलीच होतीस. मी बघितलं होतं.”

पायल पोचेपर्यंत दोघं निघून गेले होते. पत्र लहानसं होतं. त्यात लिहिलं होतं, की ही मुलगी माझ्या विषयात दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा मी योग्यच केलं. आणि उद्या मला स्वतःला कवळी लागली तर मी हिच्याकडूनच करून घेईन.

अर्ज गेले. दोन दिवसांनी राकेश दवाखान्यात आला. पेशंटांच्या रांगेत शेवटी बसला, नंबर आल्यावर आत गेला, खुर्चीत न बसता उभाच राहिला.

“मी माझ्या भेटीसाठी तुमचं वर्ष पणाला लावलं. माफी मागायला आलोय. दुसरं काही मागायला नाही.”

“मला अजून राग आहे,” पायल म्हणाली.

“असू दे. मी तो कमी करायला सांगणार नाही.”

आणि तो गेला. खरंच गेला. शाळा सुरू झाली, आषाढ गेला, श्रावणात जेल रोडवर ऊन-पावसाचा खेळ लागला, पण पेपरांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यात कोणी आलं नाही. आत्या मात्र दर रविवारी फोन करायच्या. राकेशचं नाव घ्यायच्या नाहीत. “आमच्याकडं एकजण हाय, तो हल्ली पोरांना लय मार्क वाटतो,” एवढंच सांगायच्या.

अमेरिकेतून नकार यायला लागले. नम्र, गोड, एकसारखे. पायलने ते वाचायचं सोडून दिलं. आणि मग एका कॉलेजाने मुलाखतीला बोलावलं.

संध्याकाळी, घरीच, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून. बाबांनी शेजाऱ्यांचा टीव्ही बंद करवला होता. पडद्यावर तीन चेहरे. त्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाई प्रतिभा मॅडमचं पत्र हातात धरून हसत होत्या.

“यांनी तुम्हाला खरंच दोनदा नापास केलं?”

“हो,” पायल इंग्रजीत म्हणाली. “आणि त्यांचं बरोबर होतं.”

“मग आता काय बदललं?”

तिने सुरगाण्याचे म्हातारे सांगितले. आंब्याखालची झोप सांगितली. मग, सल्लागाराने ऐकलं असतं तर कपाळ बडवलं असतं असं, आत्यांच्या कवळीचंही सगळं सांगितलं. चिक्की, फुटाणे, चिवड्याच्या दोन वाट्या. एक प्रोफेसर खुर्चीतून जवळजवळ घसरला. फक्त मास्तरांचं ‘अजून एकदा टोचू दे’ तिने सांगितलं नाही. ते तिला कोणाला द्यावंसं वाटेना... आणि तेव्हाच तिला कळलं, की राग संपलाय. कधी संपला ते बघायचंच राहून गेलं होतं.

---

प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या दिवशी परतीचा पाऊस होता. पायल बाबांच्या पाया पडली, मॅडमना फोन केला, आणि छत्री न घेता रिक्षात बसली. शाळा सुटून गेली होती. शिपायाने बोटानेच वर्ग दाखवला.

राकेश फळा पुसत होता. वळला, तर दारात ती, केसांतून पाणी गळतंय, ओढणी खांद्याला चिकटलेली.

“मिळालं,” ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंदच आला. निव्वळ आनंद. दुसरं जे काही होतं ते मागून, हळूहळू आलं; आणि ते त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. पायलने दोन्ही पाहिलं. एवढंच बघायला ती आली होती.

ती पहिल्या बाकावर बसली. बाक नववीच्या मुलांचा. तिचे गुडघे वर आले. तो शेजारी बसला, तर त्याचे अजूनच वर आले.

“कधी निघायचं?” त्याने विचारलं.

“नवीन वर्षात. अडीच वर्षं.” ती पायातल्या ओल्या चपलेकडे बघत म्हणाली. “माझा इतिहास बघता साडेतीन धरा.”

“एटीकेटी धरूनच थांबेन मी.”

“मी थांबा म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलंत. मी माझं सांगतोय. एकदा गप्प राहून पाहिलं, फार महागात गेलं. म्हणून आता सगळं तोंडानं सांगतो. तुम्ही मला आवडता. तुम्ही जावं असं मला वाटतं, आणि जाऊ नये असंही वाटतं, पण दुसऱ्याचं मी ऐकणार नाहीये. मे महिन्यात मला सुट्टी असते. पासपोर्टसाठी अर्ज केलाय.”

“कधी केलात?”

“श्रावणात.”

“तेव्हा तर मला मुलाखतीचं बोलावणंही आलं नव्हतं.”

“मला पेपर वाचता येतो, डॉक्टर. तुम्ही पास होणार हे दिसत होतं.”

पावसाची सर पत्र्यावर वाजत राहिली. पायलने मान वळवली. तो इतका जवळ होता की त्याच्या भुवईवरची खडूची पूड दिसत होती. तिने ती बोटाने पुसली. बोट तिथून खाली, गालावर आलं... आणि तिथेच राहिलं.

“मला डॉक्टर नको म्हणूस,” ती म्हणाली.

तो ‘म्हणूस’ त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. पोचला, तशी त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“पायल,” त्याने म्हणून पाहिलं.

“हं. मलाही तू आवडतोस. मनमाडच्या गाडीत सांगणार होते. काकडी संपल्यावर.”

तो हसला, पूर्ण तोंड उघडून. ती अजून जवळ झाली. त्याने डोळे मिटले. पाऊस वाजत होता, फळ्यावर अर्धवट पुसलेलं समीकरण होतं, आणि काहीच घडत नव्हतं. त्याने एक डोळा किलकिला केला.

“तू... माझे दात बघतेयस का?”

“सवय आहे रे.” ती त्याची हनुवटी उजेडाकडे वळवत म्हणाली. “उजवीकडची अक्कलदाढ अर्धीच आलीय तुझी.”

“आणि उरलेली?”

“मी परत येईपर्यंत येईल,” पायल म्हणाली, आणि मग तिने स्वतःच डोळे मिटले.